आधीचा रिपोर्ट आहे का?

पावसाळा लागून होड्या किनाऱ्यावर ओढल्या, की आमच्या कोकणातल्या सरकारी रुग्णालयात मच्छीमार रुग्णांची गर्दी वाढते. हंगामात अंगावर काढलेली दुखणी तेव्हा ओपीडीत येतात. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी पासष्टीचे एक तांडेल मुलाला घेऊन आले. पाय सुजलेले, अन्नावरची वासना गेलेली, लघवी कमी. रक्त तपासले तर क्रिएटिनिन ४.१ निघाले. निरोगी माणसात हा आकडा साधारण १च्या आसपास असतो. तो चौपट वाढला, याचा अर्थ मूत्रपिंडांचे काम फारच मंदावले होते.

अशा वेळी डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो तो अगदी साधा असतो. "काका, आधीचा रिपोर्ट आहे का?"

या एका प्रश्नावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. आकडा चार-पाच वर्षांपासून हळूहळू चढत आला असेल, तर मूत्रपिंडे कायमची निकामी होत चालली आहेत. घरच्यांना डायलिसिसची कल्पना द्यायला हवी. पण वर्षभरापूर्वी तो ठीक असेल, तर अलीकडे काहीतरी बिघडले आहे आणि ते कारण दूर केले तर गाडी रुळावर येऊ शकते. या काकांनी गुडघेदुखीसाठी सहा महिने दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून रोज खाल्ल्या होत्या. दोष गोळ्यांचा की जुन्या आजाराचा? सोनोग्राफीतूनही ठाम उत्तर मिळेना.

वर्षभरापूर्वी त्यांचे हर्नियाचे ऑपरेशन झाले होते. त्या वेळी रक्त नक्कीच तपासले असणार. "तपासलं होतं, पण कागद त्यांच्याकडेच राहिले," मुलगा म्हणाला. त्या खासगी रुग्णालयात आम्ही तीनदा फोन केला. फाइल रेकॉर्ड रूममध्ये आहे, संबंधित माणूस रजेवर आहे, लेखी अर्ज करा, अशी उत्तरे मिळाली. तपासणी झाली होती, पैसे भरले होते, आकडा कुठेतरी लिहिलेला होता. गरज पडली तेव्हा तो कोणाच्याही कामाचा नव्हता.

पुढे खोल समुद्राच्या तळावरील खनिजांविषयी वाचताना मला हे काका पुन्हा पुन्हा आठवले. पाण्याखाली चार-पाच किलोमीटरवर एक फार मोठा रुग्ण पडून आहे. त्याच्यावर शस्त्रक्रिया करायची तयारी चालू आहे. आणि 'आधीचा रिपोर्ट आहे का, तो कोणाकडे आहे, तो सगळ्यांना वाचता येतो का' हाच प्रश्न तिथेही विचारला जातो आहे.

बटाट्याएवढे गोटे

खोल समुद्राच्या सपाट तळावर काही ठिकाणी काळपट गोटे विखुरलेले असतात. आकाराने बटाट्याएवढे, काही त्याहून लहान. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट असते, म्हणून त्यांना बहुधातू गोटे म्हणतात. शार्क माशाचा दात किंवा शिंपल्याचा तुकडा अशा एखाद्या कणाभोवती धातूंचे थर साचत ते तयार होतात. वाढीचा वेग दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. चॅलेंजर या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांचा अभ्यास केला, तेव्हा हे गोटे तळातून वर आले. आज बॅटऱ्या आणि वीजवाहनांमुळे त्यांच्यातल्या धातूंना मागणी आहे.

हे गोटे जिथे सर्वाधिक आहेत, तो भाग बहुतांशी कोणत्याही देशाच्या हद्दीत येत नाही. १९६७ साली माल्टाचे राजदूत अर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत मागणी केली, की हद्दीबाहेरचा समुद्रतळ हा साऱ्या मानवजातीचा सामायिक वारसा मानावा. १९८२च्या सागरी कायदा करारात ते तत्त्व आले. त्याच्या अंमलबजावणीसाठी १९९४ साली आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरण स्थापन झाले. त्याचे मुख्यालय जमैकाच्या किंग्स्टन शहरात आहे. ज्याला या तळावर खनिजे शोधायची आहेत, त्याने एखाद्या सदस्य देशाच्या पाठिंब्याने प्राधिकरणाशी १५ वर्षांचा करार करायचा. करार करणारा तो कंत्राटदार. तो एखादा सरकारी विभाग असू शकतो, संशोधन संस्था असू शकते किंवा खासगी कंपनीही. आजवर असे सुमारे ३० करार झाले आहेत. हवाई आणि मेक्सिको यांच्या दरम्यान प्रशांत महासागरात असलेल्या क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात त्यांतले सर्वाधिक आहेत.

हे सारे करार शोधासाठीचे आहेत. उत्खननाचे नियम २०२५ संपेपर्यंत मंजूर झाले नव्हते. म्हणजे रुग्ण अजून टेबलावर घेतलेला नाही. सध्या तपासण्या चालू आहेत.

आपणही एक कंत्राटदार

हे सगळे दूरचे वाटेल, पण यात आपला देश सुरुवातीपासून आहे. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या 'गवेषणी' या जहाजाने जानेवारी १९८१मध्ये खोल समुद्रतळावरून बहुधातू गोटे वर काढले. पुढे १९८७ साली 'आद्य गुंतवणूकदार' म्हणून नोंदणी मिळवणारा भारत हा पहिला देश ठरला. त्या वेळी मध्य हिंदी महासागरात दीड लाख चौरस किलोमीटर क्षेत्र आपल्या वाट्याला आले. नियमाप्रमाणे त्यातले निम्मे परत करून ७५,००० चौरस किलोमीटर आपण राखले. प्राधिकरणाशी रीतसर करार २५ मार्च २००२ रोजी झाला आणि त्याला नंतर मुदतवाढही मिळाली. कन्याकुमारीपासून दक्षिणेला, विषुववृत्ताच्या पलीकडे, पाच किलोमीटर खोल असलेला हा तळ क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या साधारण पाव हिश्श्याएवढा आहे. त्याशिवाय सल्फाइड खनिजांच्या शोधासाठी २०१६ आणि २०२५ मध्ये भारताने आणखी दोन करार केले.

या करारांत कंत्राटदार आहे भारत सरकारचा विभाग. म्हणजे समुद्रतळाचा जो रिपोर्ट तयार होतो, तो करदाते म्हणून तुमच्या-माझ्या पैशातून होतो. म्हणून तो कसा तयार होतो हे आपल्याला माहीत असायला हवे.

केसपेपरवर काय लिहायचे?

शोध चालू असतानाच कंत्राटदाराने तिथल्या पर्यावरणाची मूळ स्थिती नोंदवायची, असे करार सांगतो. पाण्याचे तापमान, प्रवाह, क्षार, प्राणवायू. तळातल्या गाळाचा पोत आणि रसायने. वरून किती गाळ पडतो, तळातले जीव तो किती उकरतात. आणि जीवसृष्टी: कॅमेऱ्यात दिसणारे मोठे प्राणी, गाळ चाळल्यावर हाती लागणारे पाव मिलिमीटरचे किडे, त्याहून बारीक जीव, शेवटी जिवाणू. दर वर्षी, वर्ष संपल्यापासून ९० दिवसांत, म्हणजे मार्चअखेर, वार्षिक अहवाल प्राधिकरणाच्या सरचिटणिसांकडे जातो. प्राधिकरणाचा कायदा व तंत्रविषयक आयोग तो तपासतो. त्यात केलेले काम, झालेला खर्च आणि गोळा केलेली माहिती असते.

हे काम किती अवघड आहे, याची कल्पना एका हिशेबावरून येईल. गाळाचा नमुना घेण्यासाठी जहाजावरून दोरखंडाला बांधून एक चौकोनी पेटी खाली सोडतात. पाच किलोमीटर खाली जायचे आणि वर यायचे, यात काही तास जातात. एवढे करून हाती येतो अर्धा मीटर लांब आणि अर्धा मीटर रुंद गाळाचा ठोकळा. अशा हजार पेट्या वर आणल्या, तरी तपासलेली जागा होते २५० चौरस मीटर, म्हणजे जेमतेम तीन बॅडमिंटन कोर्ट. तेवढ्यावरून महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याएवढ्या प्रदेशाविषयी मत बनवायचे. कॅमेऱ्याने अधिक क्षेत्र पाहता येते, पण गाळात पुरलेले जीव कॅमेऱ्याला दिसत नाहीत.

एका कंत्राटदाराच्या नमुन्यांवरून चित्र पुरे होणार नाही, हे यातून उघड आहे. शेजारच्या कंत्राटदाराने काय पाहिले, ते त्याला ताडून पाहावे लागते. एखादा किडा फक्त आपल्याच हद्दीत आहे की हजार किलोमीटरवरही सापडतो, हे कळल्याशिवाय खाणकामाने तो नामशेष होईल की नाही हे कसे सांगणार? म्हणून इथे माहिती वाटून घेणे हा सौजन्याचा भाग राहत नाही. त्याशिवाय निदानच होत नाही.

सात की एकशे सव्वीस?

आखातात नोकरी करून परतलेले काही रुग्ण तिथले रिपोर्ट घेऊन येतात. त्यावर उपाशीपोटी साखर ७ अशी लिहिलेली असते. घरचे घाबरतात, इतकी कमी कशी? पण तिथल्या प्रयोगशाळेने ती मिलिमोलमध्ये मोजलेली असते; आपल्या मिलिग्रॅमच्या हिशेबात ती १२६ होते. म्हणजे कमी तर नाहीच, थेट मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आकडा बरोबर असूनही सोबत एकक नसेल तर तो दिशाभूल करतो.

समुद्रतळाच्या नोंदींचे बरीच वर्षे असेच झाले. २००१-०२ मध्ये पहिले करार झाले. त्यानंतर प्रत्येक कंत्राटदार आपापल्या पद्धतीने अहवाल देत होता. रशिया, चीन, जपान, कोरिया, फ्रान्स, भारत यांची जहाजे वेगळी, उपकरणे वेगळी, चाळणीच्या जाळीचे आकारही वेगळे. एकाने गाळाचे वरचे पाच सेंटिमीटर तपासले आणि दुसऱ्याने दहा, तर दोघांचे 'प्रति चौरस मीटर इतके जीव' हे आकडे शेजारी शेजारी ठेवता येत नाहीत. शिवाय कोष्टके अहवालाच्या पानांवर छापलेली; ती संगणकात पुन्हा भरल्याशिवाय त्यांवर काम होईना.

२०१५ साली प्राधिकरणाच्या आयोगाने वार्षिक अहवालाचा आराखडा आणि माहिती भरण्याचे ठरावीक तक्ते ठरवून दिले. स्थानक कोणते, अक्षांश-रेखांश किती, खोली किती, उपकरण कोणते, एकक कोणते, हे रकाने सगळ्यांना सारखे. जुलै २०१९ मध्ये 'डीपडेटा' नावाचा माहितीसाठा लोकांसाठी खुला झाला. आज कोणीही संगणकावर तो उघडून पर्यावरणविषयक नोंदी पाहू शकतो, उतरवून घेऊ शकतो. त्यातल्या जीवांच्या नोंदी पुढे महासागरी जैवविविधतेच्या जागतिक माहितीजालाशीही जोडल्या गेल्या. पंचवीस वर्षांपूर्वी हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते, एवढे श्रेय द्यायलाच हवे.

बारसे न झालेले जीव

या खुल्या नोंदींचा उपयोग काय झाला? २०२३ साली लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममधील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यातल्या प्राण्यांची पहिली मोठी यादी प्रसिद्ध झाली. त्यासाठी डीपडेटातल्या नोंदी आणि आजवरचे शोधनिबंध एकत्र केले होते. तिथे नोंदल्या गेलेल्या प्राण्यांच्या जाती ५,५७८ असाव्यात, असा त्यांचा अंदाज निघाला. त्यांतल्या सुमारे ९० टक्के जातींना विज्ञानाने अजून नावच दिलेले नाही.

आता अडचण पाहा. नाव नसलेल्या प्राण्याला शास्त्रज्ञ तात्पुरते नाव देतात: 'कृमी क्रमांक १२' अशा धर्तीचे. एका कंत्राटदाराचा 'क्रमांक १२' हाच दुसऱ्याचा 'क्रमांक ४०' असू शकतो. प्रसूतिगृहात बाळाच्या हातावर 'बेबी ऑफ अमुक' अशी पट्टी असते. दोन रुग्णालयांतल्या पट्ट्यांवरून ते एकच मूल आहे की दोन, हे कळणार कसे? डीपडेटाचा जीवशास्त्राच्या अंगाने आढावा घेणाऱ्या संशोधकांना त्यात दुबार नोंदी सापडल्या, नावांच्या रकान्यात विसंगती आढळली. त्यांनी त्या दाखवून दिल्या आणि तक्ते सुधारण्याच्या सूचनाही केल्या. साठा खुला होता म्हणूनच त्याच्यातल्या चुका बाहेरच्या माणसाला दिसल्या. बंद कपाटातल्या चुका कोणालाच दिसत नाहीत.

यावरचा उपाय आमच्या पॅथॉलॉजी विभागाला चांगला माहीत आहे. गाठीचा तुकडा तपासला, की रिपोर्ट देऊन काम संपत नाही. मेणात बसवलेला तो तुकडा, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, जपून ठेवतात. निदानाबद्दल शंका आली तर दुसरा डॉक्टर तोच ब्लॉक पुन्हा तपासतो. समुद्रातल्या जीवांचेही तसेच आहे. नमुना संग्रहालयात जपला, त्याचा क्रमांक नोंदीत लिहिला, त्याचा डीएनए तपासून ठेवला, तर तुमचा 'क्रमांक १२' आणि माझा 'क्रमांक ४०' शेजारी ठेवून बघता येतात. चॅलेंजर मोहिमेचा वृत्तांत ५० खंडांत छापून साऱ्या जगासाठी उपलब्ध झाला आणि तिचे नमुने जपले गेले, म्हणून दीडशे वर्षांनंतरही त्यांवर काम होऊ शकते.

खनिज तेच, घरही तेच

सगळेच खुले असते असे मात्र नाही. किती गोटे कुठे आहेत, त्यांत धातू किती टक्के आहे, ही माहिती कंत्राटदाराची संपत्ती मानली जाते आणि गोपनीय राहते. किमान दहा वर्षांनी त्या गोपनीयतेचा फेरविचार करायचा, असा नियम आहे. उलट समुद्राच्या पर्यावरणाचे रक्षण करण्याचे नियम बनवायला जी माहिती लागते, ती मालकीची मानता येत नाही. अपवाद फक्त यंत्रांच्या आराखड्यांचा.

कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते. तळावर ती तशी राहत नाही. तिथल्या मऊ गाळात चिकटून बसायला टणक अशी एकच जागा असते, ती म्हणजे हे गोटे. स्पंज, प्रवाळांचे नातलग आणि कितीतरी बारीक जीव त्यांच्याच आधाराने राहतात. गोटे दाट आहेत की विरळ, ही खाणमालकाच्या दृष्टीने व्यवसायाची गुप्त गोष्ट. जीवशास्त्रज्ञाच्या दृष्टीने तीच वस्तीची मूळ माहिती. ती झाकली तर 'इथे अमुक जीव जास्त का आहेत' याचे उत्तर झाकले जाते. शिवाय वार्षिक अहवाल जसाच्या तसा सर्वसाधारणपणे लोकांसमोर येत नाही. त्यात कंत्राटदाराने किती काम केले आणि आयोगाने काय त्रुटी काढल्या, हे बाहेरच्याला नीट समजत नाही.

ऑपरेशननंतरचे दिवस

आधीची नोंद असली की काय कळते, याची उदाहरणे आहेत. १९८९ साली जर्मन शास्त्रज्ञांनी पेरूजवळच्या खोल समुद्रात सुमारे चार किलोमीटर खोल तळावर मुद्दाम नांगर फिरवला. नांगरण्यापूर्वी तिथली जीवसृष्टी नोंदवून ठेवली होती. २६ वर्षांनी, २०१५ साली, ते पुन्हा तिथे गेले, तेव्हा नांगराचे तास जसेच्या तसे दिसत होते. गाळातल्या जिवाणूंचे काम पूर्वपदावर यायला किमान ५० वर्षे लागतील, असा निष्कर्ष त्यातून निघाला. क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात १९७९ साली एका यंत्राची चाचणी झाली होती. चार दशकांनंतर तिथे गेलेल्या शास्त्रज्ञांना यंत्राच्या खुणा दिसल्या. काही लहान, फिरते जीव परतले होते. तळाला चिकटून राहणारे मोठे प्राणी मात्र त्या पट्ट्यात अजूनही क्वचितच होते.

आपल्याकडेही असा प्रयोग झाला आहे. १९९७ साली गोव्याच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी मध्य हिंदी महासागरात आधी तळाची तपासणी केली, मग यंत्राने एक पट्टा ढवळला आणि पुढची काही वर्षे तिथे काय बदलते ते पाहिले. ही रीत आम्हा डॉक्टरांच्या ओळखीची आहे. औषधाची चाचणी घेताना एका गटाला औषध देतात, दुसऱ्याला देत नाहीत, आणि दोन्ही गट सारख्याच काळजीने तपासतात. प्राधिकरणाच्या नियमांतही खाणकामाच्या क्षेत्रात दोन जागा आखायच्या आहेत: एक जिथे परिणाम मोजायचा आणि एक जिथे कोणी हात लावायचा नाही. पण दोन्ही जागांची आधीची नोंद सारख्याच पद्धतीने झालेली नसेल, तर दहा वर्षांनी फरक दिसूनही तो कशामुळे पडला हे सांगता येणार नाही. मग वाद सुरू होईल: हे खाणकामाने झाले, की आधीपासून असेच होते? अगदी आमच्या तांडेल काकांसारखे.

ज्याचे ऑपरेशन, त्याचाच रिपोर्ट

एक अवघड गोष्ट बोलली पाहिजे. समुद्रतळाची मूळ तपासणी करतो कंत्राटदारच, आणि खाण सुरू करण्यात हित असते तेही त्याचेच. यात लगेच वाईट हेतू पाहायचे कारण नाही. एवढी जहाजे, एवढा खर्च दुसरा कोण करणार? खोल समुद्राबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे, त्यातला मोठा वाटा या कंत्राटांमुळेच हाती आला. पण औषधांच्या जगात आम्ही याच वाटेने गेलो आहोत आणि ठेचा खाल्ल्या आहेत. कंपनीने दहा चाचण्या करायच्या आणि अनुकूल निघालेल्या चारच छापायच्या, हे प्रकार घडले. म्हणून आपल्या देशात २००७ साली वैद्यकीय चाचण्यांची सार्वजनिक नोंदवही सुरू झाली आणि जून २००९ पासून चाचणीपूर्व नोंदणी सक्तीची झाली. काय मोजणार हे आधी जाहीर करा, म्हणजे नंतर नकोसे निकाल गिळता येणार नाहीत.

समुद्रतळावरचे अलीकडचे एक उदाहरण बोलके आहे. जुलै २०२४ मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने जाहीर केले, की क्लॅरियन-क्लिपर्टन पट्ट्यात तळावर ठेवलेल्या बंद कक्षांमध्ये प्राणवायू कमी व्हायच्या ऐवजी वाढताना दिसला. सूर्यप्रकाशाशिवाय प्राणवायू! गोट्यांमध्ये निर्माण होणाऱ्या विद्युतदाबामुळे पाण्याचे विघटन होत असावे, असा त्यांचा तर्क होता. या संशोधनाचा काही खर्च 'द मेटल्स कंपनी' या खाण कंपनीने केला होता. निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यावर त्याच कंपनीने त्याला जाहीर आक्षेप घेतला. इतर काही शास्त्रज्ञांनीही उपकरणांत हवेचे बुडबुडे अडकले असावेत अशी शंका काढली. कोण बरोबर हे मी सांगू शकत नाही, आणि ते हुद्द्यावरून किंवा आवाजावरून ठरूही नये. ते ठरेल मूळ मोजमापांवरून: कोणत्या कक्षात, कोणत्या तासाला, किती प्राणवायू. ती मोजमापे सर्वांना तपासता येत असतील, तर हा वाद विज्ञानाला पुढे नेईल. नसतील, तर ज्याची प्रसिद्धी मोठी त्याचे खरे ठरेल.

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने या विषयाला वेगळे वळण दिले. सागरी कायदा करारात अमेरिका सामील नाही. तिच्या राष्ट्राध्यक्षांनी समुद्रतळाच्या खनिजांना गती देणारा आदेश काढला आणि 'द मेटल्स कंपनी'च्या अमेरिकी शाखेने देशाच्या १९८०च्या कायद्याखाली परवाना मागितला. या वाटेने उत्खनन झाले, तर त्याचे अहवाल कोणत्या तक्त्यात, कोणाकडे जाणार? एका रुग्णाचे दोन रुग्णालयांत दोन केसपेपर निघाले आणि ते एकमेकांना दाखवले गेले नाहीत, तर काय होते हे कोणत्याही सरकारी डॉक्टरला विचारा.

भारताने इथे उदाहरण घालून द्यावे, असे मला वाटते. आपली तपासणी चाळीस वर्षांची आहे आणि ती करणाऱ्या संस्था सरकारी आहेत. नफा-तोट्याचा ताळेबंद दर तिमाहीला भागधारकांपुढे ठेवण्याची त्यांना सक्ती नाही. पर्यावरणाच्या नोंदी पूर्ण, सुट्या आकड्यांसह, नमुन्यांच्या क्रमांकांसह आणि वेळेत खुल्या करणे त्यांना जमण्यासारखे आहे. त्यांचा एखादा संक्षिप्त वार्षिक गोषवारा मराठीसह भारतीय भाषांत आला, तर शाळेतल्या मुलांनाही कळेल, की आपला देश समुद्राच्या तळाशी काय पाहतो आहे.

आता त्या तांडेल काकांविषयी. हर्नियाच्या ऑपरेशनचे कागद शेवटपर्यंत आले नाहीत. पण चौथ्या दिवशी मुलगा एक जुनी वही घेऊन आला. त्यांच्या मच्छीमार सोसायटीत दीड वर्षापूर्वी आरोग्य शिबिर झाले होते. शिबिराच्या डॉक्टरांनी प्रत्येकाचे आकडे वहीत उतरवून वही सोसायटीच्या कार्यालयात टेबलावर ठेवली होती, कोणीही पाहावी अशी. काकांच्या नावासमोर तारीख होती आणि लिहिले होते: क्रिएटिनिन १.१ मिग्रॅ. म्हणजे बिघाड अलीकडचा होता. गोळ्या बंद केल्या, उपचार सुरू केले, आणि सहा आठवड्यांत आकडा दीडवर आला. डायलिसिसची वेळ आली नाही.

वहीतला तो मजकूर जेमतेम एक ओळ होता. त्यात तारीख होती, एकक होते, आणि वही कुलूपबंद नव्हती. समुद्रतळासाठी मागणी यापेक्षा फार वेगळी नाही. फरक एवढाच, की काकांच्या मूत्रपिंडांनी सहा आठवड्यांत बरेचसे सावरून घेतले. ज्या तळावर एक गोटा वाढायला लाखो वर्षे लागतात, त्याला सावरायला किती वेळ लागेल हे आपल्यापैकी कोणीही पाहायला उरणार नाही. जे उरतील, त्यांच्या हातात आजची वही असली पाहिजे.